माळावरची वहिवाट

दसरा झाला. माळावरचं गवत पिवळं पडलं आणि आज माझ्या मोज्यांत या हंगामातली पहिली कुसळं भरली. मुदखेडच्या माझ्या भाड्याच्या खोलीच्या पायरीवर बसून, हेल्मेट बाजूला ठेवून, मी ती एकेक उपटत होते. कुसळ ओढलं की निम्मं हातात येतं, निम्मं मोज्यातच राहतं. उपटता उपटता माझे दात कधी आवळले गेले कळलंच नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय झालं मॅडम, पडल्या का?"

"न्हाई हो काकू. आठवलं काहीतरी."

आठवला होता दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. लोक म्हणतात, राग काळानं निवतो. माझा निवला नाही. गवत वाळायला लागलं की तो जागा होतो, आणि खरं सांगायचं तर तो निवावा असं मला वाटतही नाही.

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. मूळची शिरूर अनंतपाळची. आमच्याकडे मुलींची सायकल शाळेपुरती असायची. माझा दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात माझी सायकल भावाकडे गेली, आणि त्यात काही वावगं आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. पुढं वीस वर्षांनी, नांदेडात शिकून परत निघालेल्या एका मुलाकडून मी त्याची वापरलेली सायकल घेतली. डोंगरातली सायकल. जाड, खाचांचे टायर, पुढच्या चाकाला दाबलं की खाली बसणारा फोर्क, डिस्क ब्रेक. उमरीच्या रस्त्यावर चार दिवस चालवली. उसाच्या ट्रॉल्या अशा अंगावर यायच्या की पाचव्या दिवशी मी हँडल माळाकडं वळवलं ते कायमचंच.

माळ म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. काळा खडक, त्यावर वीतभर तांबडा मुरूम, त्यात सीताफळाची झुडपं, बोरी, बाभळी, आणि मधल्या सगळ्या जागेत कुसळी. लांबून बघणाऱ्याला तिथं काहीच नसतं. पहिल्याच आठवड्यात मी तिथं तीन वेळा पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा वरच्या अंगाला फावडं घेऊन उभा असलेला एक माणूस शांतपणे बघत होता. पंचेचाळिशीचा, काटक, डोक्याला रुमाल. मी कपडे झटकून उठले तेव्हा म्हणाला,

"ताई, तुम्ही दगडाकडं बघायलाव. मनून दगडावर जायलाव. जिकडं नजर जाती तिकडंच सायकल जाती. दगडाच्या बाजूला जी वाट हाय ना, तिकडं बघा."

हे मिलिंददादा. मिलिंद हणवते. रेल्वेत ट्रॅकमन, वस्तीत अजून गँगमनच म्हणतात. माळाच्या पायथ्याला त्यांची बौद्ध वस्ती आहे, तीसेक घरांची, मधोमध छोटंसं विहार. विहाराच्या मागून एक वाट निघते, माळाच्या कडेकडेनं वळसे घेत वर चढते, माथ्यावरून अर्धा कोस जाते आणि सीताफळांच्या ओघळीतून नागमोडी खाली उतरते. मुळात ती पायवाट. सोजरबाई नावाच्या म्हाताऱ्या आपल्या शेळ्या त्या वाटेनं नेत आलेल्या, लग्न होऊन आल्यापासून. मिलिंददादांनी तीन हिवाळे, सुट्टीच्या दिवशी, फावडं-कुदळ घेऊन ती सायकलसाठी नीट केली होती. त्यांची स्वतःची सायकल लोखंडी, जुनी. पुढचा फोर्क भंगारातून आणून बसवलेला, गिअर सात, त्यातले चालणारे पाच. त्या सायकलवरून हा माणूस ओघळीतून असा उतरायचा, जसा पाण्याचा थेंब पानावरून उतरावा.

"एवढी वळणं कशाला ठेवलीत?" मी एकदा विचारलं.

"मी न्हाई ठेवली. शेळ्यांनी ठेवली. शेळीला उतार कळतो," ते म्हणाले. मग फावड्यानं वाटेला आडवा तिरपा चर ओढत पुढं म्हणाले, "आमच्या रुळाचं बी आसंच हाय ताई. रुळाखाली पाणी थांबलं की रूळ हलला. पाण्याला आधी त्याची वाट द्यायची, मग आपली वाट टिकती."

मी वर्गात समोच्च रेषा शिकवते, नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, रेषांना काटकोनात छेदत गेलं की पाण्याचा वेग सर्वांत जास्त. दरवर्षी फळ्यावर काढते. तो धडा पायांना समजला तो त्या हिवाळ्यात. चढ दिसायच्या आधी गिअर हलका करायचा. चढावर आल्यावर बदलला तर चेन करकर ओरडते आणि पाय जागीच थिजतो. उतारावर दोन्ही पायडल एका पातळीत, सीट खाली केलेलं, बूड सीटच्याही मागं. हे शेवटचं सांगताना मिलिंददादा इतके लाजले की त्यांच्या बायकोनं, वैशालीताईंनी, अंगणातून ओरडून सांगितलं, "अवो, बूड मागं घ्या म्हना की सरळ! मॅडम हायत त्या, समजतंय त्यांना!" वैशालीताई आशा कार्यकर्ती. अख्ख्या वस्तीचं बीपी आणि अख्ख्या वस्तीची गुपितं त्यांच्या वहीत.

ब्रेकवर एकच बोट. टायरमध्ये हवा थोडी कमी, म्हणजे रबर मुरूम धरून ठेवतं. बाभळीच्या काट्यांसाठी टायरमध्ये ओतायचं पांढरं औषध मी नांदेडहून आणलं. काटा काढला की भोकातून ते फसफसून बाहेर येतं आणि जागेवर गोठतं. सोजरबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्या टाचंला बी घाल की गं थोडं." त्या हसल्या तेव्हा त्यांचे उरलेले दोन दात दिसले.

कार्तिकात सीताफळं डोळे उघडायची. माथ्यावर सायकली आडव्या टाकून आम्ही फळं फोडायचो. खाली मुदखेडच्या स्टेशनात गाड्या यायच्या-जायच्या, आणि मिलिंददादा शिट्टीवरून सांगायचे कुठली गाडी किती उशिरानं आली. मीही त्या हिवाळ्यात कुदळ हातात धरली. चार चर माझ्या हातचे. तळहातांना फोड आले तेव्हा इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी वर्गात खडू धरताना मुद्दाम हात उघडा ठेवला.

आणि मग मी ती चूक केली. चांगल्या मनानं केली. पण चांगल्या मनानं केलेल्या चुकांची किंमत बहुतेक वेळा दुसरेच मोजतात.

नांदेडात सायकल चालवणाऱ्यांचा एक गट होता. दवाखाना असलेले एक डॉक्टर त्याचे प्रमुख. मोठाल्या सायकली, कार्बनच्या. कुणाच्या चष्म्याचा रंग बुटाला जुळणारा. मी त्यांना माळावरच्या वाटेबद्दल सांगितलं. एका रविवारी ते आठ जण आले, मिलिंददादांच्या मागं मागं ओघळीतून उतरले, दोघं पडले, आणि खाली आल्यावर डॉक्टर वेडे झाले. "मॅडम, आपल्या मराठवाड्यात असलं काही आहे हे कुणाला ठाऊक तरी आहे का?" तिथंच ठरलं, संक्रांतीनंतरच्या रविवारी इथं शर्यत घ्यायची. पहिला नकाशा मीच काढला. सुरुवात विहाराच्या अंगणातून, नोंदणीही तिथंच, चहा-पोहे वस्तीतल्या बायकांच्या गटाकडून. वैशालीताईंनी पोह्यांचा हिशेबही मांडला होता.

मग बैठक झाली. माळाच्या पलीकडच्या अंगाला जे मोठं गाव आहे, तिथल्या अण्णांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी. अण्णा म्हणजे गावचं मोठं प्रस्थ. त्यांनी जेसीबी फुकट द्यायचं कबूल केलं होतं. आम्ही आठ-नऊ जण होतो. मिलिंददादा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. डॉक्टरांनी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर जो नकाशा आला तो मी काढलेला नव्हता. सुरुवात गावच्या वेशीतून. वेशीतून थेट वर माथ्यावर, तिथून ओघळीतली वळणं टाळून सरळ खाली, आणि खाली वस्तीच्या मागून, वस्तीला न शिवता, वळसा घालून परत गाव.

"थोडा बदल केलाय," डॉक्टर म्हणाले. "व्यवस्थेच्या दृष्टीनं सोपं जाईल."

अण्णांनी ते उलगडून सांगितलं. आवाज अगदी मऊ, उद्या ढग येतील म्हणून सांगावं तसा. "तसं काही न्हाई डॉक्टर. तिकडनं सुरू केलं तर आमच्या गावातले लोक यायचे न्हाईत. बायामाणसं तर न्हाईतच. तिथलं खाणंपिणं बी... कामून उगं वाद? चांगलं काम हाय, चांगलं होऊ द्या."

सगळ्यांना सगळं समजलं होतं. मिलिंददादांनी पडद्यावरच्या त्या सरळ रेषेकडं बघितलं आणि एकच विचारलं, "सरळ खाली काढताल तर पाणी कुठं जाईल?"

"अरे मिलिंद, एका दिवसाची शर्यत आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "पाऊस कुठला आलाय जानेवारीत!"

ती रेषा समोच्च रेषांना काटकोनात छेदत होती. त्या खोलीत हे पुराव्यासकट सांगू शकणारी, भूगोलाची पदवी असलेली, पगारी अशी एकच व्यक्ती होती. मी कपातल्या चहावर धरलेल्या सायीकडं बघत राहिले. अण्णांचे मेहुणे आमच्या कॉलेजच्या कार्यकारिणीवर आहेत, हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट आठवलं. बाकी काही आठवलं नाही.

परत येताना आम्ही दोघं सायकली हातात धरून चाललो. अर्ध्या वाटेत मी म्हणाले, "दादा, मी बोलायला पाहिजे होतं."

"हाव," ते म्हणाले.

जेसीबीला दोन दिवस पुरले. तीन हिवाळ्यांचे चर, दगडांचे बांध, सोजरबाईंच्या शेळ्यांनी पन्नास वर्षं घासून गुळगुळीत केलेल्या कडा, सगळं त्या लोखंडी दातांनी ओरबाडून काढलं. सीताफळाची झुडपं मुळासकट बाजूला पडली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक तांबडी जखम, दहा फूट रुंद. मला तेव्हा अजून एका गोष्टीची चीड आली, ती आजही येते. अवजारं ज्यांच्याकडं महागडी, त्यांना वाटतं जाणही आपल्याकडंच. त्या डॉक्टरांच्या सायकलच्या पुढच्या एका चाकाच्या किमतीत मिलिंददादांच्या अशा चार सायकली आल्या असत्या. पण वाट वाचायला चाक लागत नाही. उकिडवं बसून जमिनीकडं बघावं लागतं, आणि त्यासाठी आधी कुणाकडून तरी शिकायला वाकायची तयारी लागते.

शर्यतीच्या दिवशी मिलिंददादांना केशरी जाकीट घालून वळणावर झेंडी घेऊन उभं राहायला सांगितलं होतं. ते गेले नाहीत. "ड्युटी हाय," एवढंच कळवलं. खरंच होती. त्या दिवशी ते उमरीकडच्या रुळांवर खडी भरत होते.

मी मात्र गेले. शर्यतीत उतरले नाही, पण गेले, ही माझी दुसरी शरम. साडेनऊच्या सुमाराला लातूरहून आलेली एक कॉलेजची पोरगी त्या सरळ उतारावर सुटी खडी लागून घसरली आणि खांद्यावर आदळली. रुग्णवाहिका पलीकडच्या वेशीत उभी. माळ ओलांडून तिला न्यायला तास गेला असता. वस्ती दोनशे पावलांवर होती. मी हाक मारायच्या आधीच वैशालीताई पळत वर आल्या, मागून सोजरबाई. सोबत आणलेल्या ओढणीनं पोरीचा हात गळ्यात बांधला, गळपट्टीचं हाड मोडलंय म्हणून सांगितलं, दोघींनी तिला मधोमध धरून विहाराच्या अंगणात आणून बसवलं. पाणी पाजलं. ती पोरगी रडत रडत वैशालीताईंच्या पदराला तोंड पुसत होती. त्या अंगणात शर्यतीचा झेंडा नव्हता, नोंदणीचं टेबल नव्हतं. पण दिवसभरातलं एकमेव शहाणपणाचं काम तिथं झालं.

बक्षीस समारंभात डॉक्टर बोलले, "ही वाट आमच्या गटानं शोधून काढली." शोधून काढली! सोजरबाई ते ऐकायला तिथं नव्हत्या, नाहीतर त्यांनी विचारलं असतं, हरवली कधी होती? वस्तीचं नाव कुणी घेतलं नाही. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या वेळी मला तेवढंच मोठं धाडस वाटलं.

फाल्गुनात अवकाळी पाऊस आला. गारांसकट, दीड तास. मी खोलीत खिडकीशी उभी होते आणि मला पाऊस दिसतच नव्हता. मला ती रेषा दिसत होती. उघडीप पडताच सायकल काढली. वस्तीत पोचले तेव्हा माथ्यावरचं सगळं पाणी त्या जखमेतून उतरून वरच्या चार घरांत शिरलं होतं. विहाराच्या अंगणात गुडघाभर मुरूम. वैशालीताईंच्या स्वयंपाकघरात नुकतीच भरून ठेवलेली तूर चिखलात कालवलेली. सोजरबाईंची दोन करडं गाळाखाली सापडली. त्या त्यांना मांडीवर घेऊन त्यांच्या नाकातला चिखल बोटानं काढत होत्या, अजून उपयोग होईल असं समजून.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, पाऊस अवेळी पडला. त्याला आम्ही काय करणार?"

त्या संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसून आम्ही तहसील कार्यालयाला तक्रार लिहिली. मजकूर माझा, सही मिलिंददादांची. सोबत मी नकाशा जोडला, समोच्च रेषा काढून, जुनी वाट आणि जेसीबीनं खणलेली नवी चारी दोन्ही दाखवून. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मिलिंददादांनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि माझ्या हातात दिलं. ती नोटीस होती. त्यांच्याच नावावर. विनापरवाना माळ खोदून पाण्याचा प्रवाह बदलल्याबद्दल खुलासा करावा.

जेसीबीचा उल्लेख नाही. अण्णांचा नाही. खोदणारा कोण, तर फावडंवाला. कुणीतरी आधीच जाऊन सांगून आलं होतं. सरकारी नोकरीतल्या माणसाला अशा कागदाचा अर्थ काय होतो, ते वैशालीताईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या दिवशी मला जो संताप आला तो अजून जसाच्या तसा आहे. त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

तहसीलचे अधिकारी माळावर पंचनाम्याला येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "मॅडम, तुम्ही बाहेरगावच्या. कशाला पडता त्यात?" मी म्हणाले, "सर, मी आधीच पडलेय. इतके दिवस उठायचं राहून गेलं एवढंच." त्यांना ते समजलं की नाही, ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. तरुण होते, घाईत होते, हातात कागदांची पाटी. अख्खी वस्ती विहाराच्या मागं जमली होती. त्यांनी चारी बघितली, जुन्या वाटेचा उरलेला तुकडा बघितला, आणि विचारलं, "ही जी वळणावळणाची वाट आहे, ती कुणी काढली?"

मिलिंददादा पुढं सरले. पण त्यांच्याही आधी सोजरबाई बोलल्या.

"माझ्या शेळ्यांनी."

"आजी, खरं सांगा."

"खरंच सांगायले. माझी सासू बी ह्याच वाटंनं जायची. शेळ्यांना नोटीस द्या. दोन तर मेल्या, बाकीच्या हायत दावणीला."

हसू फुटलं. मग वैशालीताई म्हणाल्या, "साहेब, मी बी खोदलंय. लिहा." मागून एक बाई म्हणाली, "सरपनाला आम्ही बी जातो की. लिहा." एकेक करून सगळ्याच म्हणायला लागल्या. अधिकाऱ्यांनी लेखणी थांबवली. मग त्यांनी कागदावर जे लिहिलं ते मिलिंददादांनी त्यांच्याकडून मोठ्यानं दोनदा वाचून घेतलं: बौद्ध वस्तीपासून माळावर जाणारी, जुन्या वहिवाटीची पायवाट. शेजारी दुसरी ओळ: सदर वाटेस छेदून यंत्राने नव्याने काढलेली चारी, त्यातून वस्तीत पाणी शिरले.

"आता यंत्र कुणी आणलं ते कोण सांगणार?" त्यांनी विचारलं. "ठरलं तेव्हा कोण हजर होतं?"

मिलिंददादा माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी कधीच मागितलं नव्हतं, आजही मागत नव्हते.

"मी होते," मी म्हणाले. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आखाड्यावर कोण काय बोललं ते शब्दाला शब्द सांगितलं. तिथलं खाणंपिणं, बायामाणसं, सगळं. त्यांनी खाली मान घालून लिहून घेतलं.

"पाण्याबद्दल कुणी हरकत घेतली होती?"

"फक्त यांनी. मिलिंद हणवत्यांनी."

"आणि तुम्ही? तुम्ही तर भूगोल शिकवता म्हणता."

"मला समजत होतं. मी काही बोलले नाही."

त्यांनी वर बघितलं. लेखणी कागदावर टेकलेली होती. "मॅडम, हे पण लिहू का?"

"लिहा," मी म्हणाले, आणि ते लिहून होईपर्यंत तिथंच उभी राहिले.